पोवळ्यांचं पाणी

ज्या जालन्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, त्या जालन्यात रामकिसननं बैठकीच्या खोलीत समुद्र आणून ठेवला. हौसेला मोल नसतं म्हणतात. हौसेला लाजही नसते, हे त्याची बायको उषाबाई हिला त्या साली कळलं. बाहेर गल्लीतल्या बाया टँकरमागं हंडे घेऊन पळायच्या, आणि आत काचेच्या टाकीत दिवसरात्र लाटा उठायच्या. धूळ जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या कायम लावलेल्या असत.

रामकिसन मूळचा मंठ्याकडचा. बाप कडूबा साधा कास्तकार. पोरानं मात्र नव्या मोंढ्यात बियाण्याचं दुकान टाकलं, कपाशीच्या बियाण्यात हात धुऊन घेतले आणि बघता बघता बंगला बांधला. एका वर्षी माल भरपूर खपवला म्हणून कंपनीनं त्याला मुंबईला नेलं. तिथं कंपनीच्या साहेबाच्या घरी त्यानं ती टाकी बघितली. रंगीत मासे जालन्यातही दोन-चार डॉक्टरांकडं होते, पण ह्या टाकीत जिवंत पोवळी होती. तुमच्या मराठवाड्यात हे कुणाकडंच नसेल, असं साहेब सहज बोलून गेला. रामकिसनला तेवढं पुरे झालं. ज्या टाकीवाल्यानं साहेबाची टाकी लावली होती, त्यालाच त्यानं गाठलं.

पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा, एवढंच उषाबाईला माहीत होतं. हे तसलं नव्हतं. हे दगडाचं, पण झाडासारखं फांद्या फुटलेलं होतं, आणि फांद्यांच्या शेंड्यांना निळा-जांभळा रंग होता. रामकिसननं पहिल्याच दिवशी बायकोला आणि आईला टाकीपुढं बसवून शाळामास्तरासारखं समजावलं. एक फांदी म्हणजे एक जीव नव्हे, हजारो बारके जीव. ते पाण्यातला चुना ओढून खाली दगडाचं घर बांधतात आणि वर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कातडी पांघरून बसतात. सगळा जीव त्या कातडीत. पाणी जरा तापलं, मीठ जरा कमी-जास्त झालं, की कातडी सुटते आणि खाली पांढरं हाड उरतं.

“म्हंजी माणसावानीच की,” त्याची आई म्हणाली.

आईचं नाव सोनूबाई. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण ऐकवून ऐकवून लोक दमले, पण ही कधी रागावली नाही. “कथलाचा तर कथलाचा, हातात तर हाये,” म्हणायची आणि मोकळी व्हायची. खरं तर तिच्या हातात वाळा होता तो तांब्याचा. वातावर चांगला म्हणून कडूबानं करून दिलेला. टाकी आली त्याच आठवड्यात तो उतरला. टाकीवाल्यानं रामकिसनला बजावलं होतं, की पोवळ्यांना सगळ्यात मोठं जहर तांब्याचं. रामकिसननं घरातली तांब्याची सगळी भांडी माळ्यावर फेकली आणि आईच्या हाताला साबण चोळून वाळा ओढून काढला. मनगटाची साल निघाली.

“आरं, मी पाण्यात हातच घालत न्हाई की,” सोनूबाई कळवळून म्हणाली.

“घालशील. तुझा काय भरोसा.”

टाकीला नळाचं पाणी चालत नव्हतं. त्यासाठी भिंतीवर फिल्टर बसवला होता. तो तीन घागरी पाणी नालीत सोडायचा, तेव्हा कुठं एक घागर चोख पाणी द्यायचा. त्या चोख पाण्याला घरात ‘पोवळ्यांचं पाणी’ म्हणायचे आणि ते प्यायची कुणाला परवानगी नव्हती. सोनूबाईनं एकदा गुपचूप घोटभर पिऊन बघितलं. “याला चवच न्हाई गं,” ती उषाबाईला म्हणाली, “जीभ नुसती ओली व्हती.” नालीत जाणाऱ्या पाण्याखाली मात्र तिनं बादली लावली, आणि त्यावर घरची भांडी-धुणी निघू लागली.

पण तिचा जीव टाकीत गुंतला तो चुन्यामुळं. पोवळ्यांना रोज चुना लागतो. टाकीतलं जेवढं पाणी उडून जाईल तेवढी चुन्याची निवळी घालायची असते. आता बारक्या लेकराची हाडं बळकट व्हावीत म्हणून निवळी पाजणं म्हातारीला काही नवीन नव्हतं. रामकिसनला तिनंच पाजलेली. चोख पाण्यात चुना कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ तेवढं थेंब थेंब सोडायचं. हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. संध्याकाळी दिवे मंद झाले की पोवळी आपले केसासारखे हात बाहेर काढायची. तेव्हा ती स्टूल ओढून काचेपुढं बसायची. फांद्यांच्या पोवळ्याला ती ‘हरणी’ म्हणायची, आणि गोल, सुरकुत्या पडलेल्या पोवळ्याला ‘म्हातारी’. “घे माय, घे,” असं त्यांच्याशी बोलायची. उषाबाई पदरात तोंड लपवून हसायची. सासू असावी तर अशी, असं तिला मनापासून वाटायचं.

स्वतःचं म्हणून सोनूबाईचं त्या घरात एकच होतं. देवघरातला काशीचा गडू. कडूबा काशीला गेला तेव्हा त्यानं गंगेच्या पाण्याचे दोन गडू आणले होते, तोंडं झाळून बंद केलेले, येताना सगळी वाट मांडीवर धरलेले. एक त्याच्या स्वतःच्या वेळेला फुटला. रामकिसननंच बापाच्या तोंडात पाणी सोडलं आणि कडूबा शांत गेला. दुसरा सोनूबाईचा. दर दिवाळीला ती तो चिंचेनं घासायची, आणि घासताना उषाबाईला ऐकवायची, “हा फुटंल तो माह्यासाठीच. रामकिसनच्या हातानं. बाकी मला काही नगं.” भांडी माळ्यावर गेली तेव्हाही देवाचा म्हणून हा गडू तेवढा राहिला.

मग उन्हाळा आला. जालन्याचा उन्हाळा माणसाला सोसवत नाही, तिथं पोवळ्यांचं काय? टाकीवाला म्हणाला होता, पाणी गार करायचं यंत्र घ्या, ते खास खाऱ्या पाण्यासाठी असतं. पण रामकिसनला दुसऱ्याला गंडवायची सवय. आपल्यालाही कुणी गंडवून राह्यलंय असं त्याला कायम वाटायचं. त्यानं मोंढ्यातला फ्रिजचा मिस्त्री बोलावला. मिस्त्रीनं एका भंगारातल्या वॉटर कूलरची गार करायची नळी काढली आणि मोठ्या टाकीखाली पाणी फिरवायची जी लपवलेली छोटी टाकी होती, तिच्यात बुडवली. नळी तांब्याची होती. मिस्त्रीनं तिच्यावर प्लास्टिकची खोळ चढवली.

“एक थेंब आत शिरनार न्हाई शेठ, माही गॅरंटी,” मिस्त्री म्हणाला. आईच्या हातातल्या वाळ्याचा भरोसा नसलेल्या माणसाला मिस्त्रीचा भरोसा वाटला.

पाणी गार झालं आणि रामकिसन खूश झाला. पण थोड्याच दिवसांत ‘म्हातारी’नं हात बाहेर काढणं सोडलं. मग ‘हरणी’ची कातडी बुडापासून सुटायला लागली. पाण्यात तिची लक्तरं तरंगायची आणि खाली पांढरं हाड दिसायचं. रामकिसननं मीठ तपासलं, दिवे बदलले. मग त्याला वाटलं, फोडणीचा धूर बाधत असेल. स्वयंपाक मागच्या अंगणात पत्र्याखाली हलवला. मे महिन्यात उषाबाई त्या पत्र्याखाली चुलीपुढं भाजून निघायची. घरात उदबत्ती बंद झाली. सोनूबाईच्या अंगाला तंबाखूचा वास येतो म्हणून तिला बैठकीत यायला बंदी झाली. तरी पोवळी मरतच होती.

एका दुपारी रामकिसन दुकानावर होता. उषाबाई भाकरी उरकून आत आली तर बैठकीचं दार उघडं. सोनूबाई स्टुलावर उभी, एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात गडू. गडूचं झाळलेलं तोंड उचकटलेलं होतं. पाण्याची बारीक धार ‘हरणी’वर पडत होती.

“आत्याबाई! काय करून राह्यल्या?”

“जीव चालले माय त्यांचे,” सोनूबाई मागं न बघता म्हणाली. “जाताना तोंडात पानी नको का? त्यांचं कोन हाये इथं? आन् जगली तर जगली. गंगेच्या पान्यात लई ताकद असती.”

“आन् तुमचं मंग?”

“मला काय घाई हाये? रामकिसन आनंल दुसरं.” तिनं गडू उलटा करून शेवटचा थेंबही झटकला. वर्षानुवर्षं जपलेलं पाणी ते. उषाबाईला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी उरलीसुरली पोवळी पांढरी झाली. ती होणारच होती. पण रामकिसनला देवघरात उघड्या तोंडाचा गडू दिसला. त्यानं विचारलं, आणि भोळ्या बाईनं सगळं सांगितलं, वर “चांगल्यासाठीच केलं बाबा” म्हणाली. तो गडू हातात घेऊन उभा राहिला. तांब्याचा गडू. उषाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, तर त्या तोंडावर आधी राग नव्हताच. हायसं वाटलं होतं त्याला. कुणाचं चुकलं ते सापडलं होतं.

त्यानं आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यानं आईला हाताला धरून टाकीपुढं बसवलं, बाही वर करून ‘हरणी’ची एक मेलेली फांदी मोडली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

“ह्या भोकाभोकात एकएक जीव होता. मोज. किती मारले ते मोज.”

“आरं, मरायलेच होते ते…”

“मोज म्हनलं ना.”

सोनूबाई बोटानं भोकं चाचपत मोजायला लागली. तिला विसापुढं धड मोजता येत नव्हतं. वीस झाले की परत एकपासून सुरू करायची. उषाबाई म्हणाली, “अहो, दहा दिवसापासून कातडी गळत होती. आत्याबाईनं तर काल…”

“तू गप बस. तांब्याचं पानी घातलंय तिनं. तांब्याचं! तुला काय कळतं?”

उषाबाई गप बसली. गप बसायची तिला चांगली सवय होती. बारा वर्षांच्या संसारात तेवढीच एक कला तिनं पक्की शिकली होती.

त्याच संध्याकाळी सोनूबाईचं गाठोडं रामकिसननं स्वतः बांधलं. गावाकडं शेतात पत्र्याची खोली होती. चुलतभाऊ तातेराव आणि त्याची बायको केशरबाई शेत कसायचे, ते बघतील म्हणाला. “तुझं तोंड बघितलं की मला ती पोवळी आठवत्यात, माय. तू तिकडंच बरी.” सोनूबाई एका शब्दानं भांडली नाही. मेलेली फांदी तिनं पदराच्या गाठीला बांधली. जाताना उषाबाईच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “त्याचा राग उतरला की मला निरोप दे. जल्दी नको करू, पन दे.”

राग उतरला नाही. उलट त्याचा किस्सा झाला. दुकानावर कुणी टाकीची चौकशी केली की रामकिसन सांगायचा, “आमच्या मायनं पोवळ्यांना काशी दाखवली!” मग सगळी गोष्ट, सोनूबाईच्या बोलण्याची नक्कल करून. मोंढ्यातले हमालसुद्धा पोट धरून हसायचे. सांगता सांगता किस्सा वाढत गेला आणि गडूची घागर झाली.

पावसाळ्यात त्यानं मुंबईहून नवी पोवळी आणली. पिशव्यांत पाणी आणि हवा भरून, थर्माकोलच्या पेटीत, रात्रभर जागून. टाकीत सोडली आणि पंधरवड्यात तीही मेली. आता घरात ना सोनूबाई होती, ना गंगेचं पाणी. रामकिसननं मुंबईला टाकीवाल्याला फोन लावला. पलीकडचा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असावा, कारण रामकिसन “न्हाई, बिलकुल न्हाई, कुठंच तांबं न्हाई” असं म्हणत होता. म्हणता म्हणता तो थांबला.

फोन ठेवून तो खालच्या टाकीपाशी गुडघ्यावर बसला. उषाबाईला बादली धरायला लावली आणि नळी बाहेर ओढली. प्लास्टिकची खोळ जोडावर फाटून वर सरकली होती. तिच्याखाली नळी हिरवीगार झाली होती. हात लावला तर हिरवा चिखल बोटाला आला. उन्हाळ्यापासून ते सगळं थेंब थेंब वर जात होतं, त्याच निवळीच्या जोडीनं.

उषाबाईनं बादली खाली ठेवली.

“मंग आत्याबाईला आनायचं ना?” उषाबाईनं विचारलं.

“काहून?”

“अहो, काहून म्हंजी? त्यांच्यानं न्हाई मेली की…”

रामकिसननं नळी पोत्यात गुंडाळली. “आख्ख्या मोंढ्याला सांगून बसलोय मी. आता काय सांगू? मीच मारले म्हनून? लोक तोंडात शेन घालतील.” मग उठून हात धुतले. “हे तुझ्यात न् माझ्यात. बाहेर गेलं तर बघ. आन् ती तिकडं बरी हाये. केशरबाई करती ना तिचं.”

रामकिसननं मग ते खास यंत्र आणलं. तिसऱ्यांदा पोवळी आली आणि दिवाळीपर्यंत अशी फोफावली की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. निवळी आता उषाबाई घालायची. दिवाळीत तातेराव आला. सोनूबाईनं विचारलंय म्हणाला, राग उतरला का. रामकिसन जागेवरून न उठता म्हणाला, “सांग तिला, नवी जीव धरून राह्यलीत. आत्ताच नको.” तातेराव निघाला तेव्हा उषाबाई त्याच्या मागं फाटकापर्यंत गेली. खरं काय ते सांगायचं, असं ठरवूनच गेली होती. तिनं चिवड्याचा डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “आत्याबाईला कानाला थंडी लागू देऊ नका म्हनावं.” तेवढंच सांगून माघारी आली. त्या रात्री तिला स्वतःची किळस आली. पण किळस आल्यानं कुणाचं काही भलं होत नाही.

संक्रांत झाल्यावर केशरबाईचा फोन आला, गावातल्या दुकानातून. सोनूबाईनं अन्न सोडलंय. मंठ्याच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलंय. लेकाची वाट बघून राह्यली, लगेच या. रामकिसन गाडी काढायला गेला. उषाबाईनं हाताला लागली ती, निवळीजवळची पाण्याची बाटली घेतली.

खोलीत भुईवर सोनूबाईला घेतलं होतं. भावकी जमली होती. गावातलं मोठं माणूस म्हणून अप्पाराव भिंतीला टेकून बसले होते. म्हातारी काडी झाली होती. उशाशी देवाच्या फोटोपुढं ती पांढरी फांदी ठेवलेली होती, तिच्यावर हळदी-कुंकू वाहिलेलं. रामकिसन बाहेर लोकांचे रामराम घेत होता, तेवढ्यात उषाबाई आत शिरली. सोनूबाईनं तिला ओळखलं.

“पोवळी?” तिनं विचारलं.

उषाबाई तिच्या कानाशी वाकली. इतके महिने मनात दाबलेलं एका दमात बाहेर आलं. “आत्याबाई, ती तुमच्यानं न्हाई मेली. यांनी खाली नळी बसवल्ती ना, तांब्याची, ती गळत होती. तिनं मेली. तुमचा काही गुन्हा न्हाई. ऐकलं का? काही गुन्हा न्हाई.”

सोनूबाईनं ऐकलं. तिच्या ओठांवर हसू आलं. कसाबसा हात उचलून तिनं उषाबाईची हनुवटी धरली. “माझं मन राखून राह्यली,” ती म्हणाली. “लई गुनाची हायेस.”

“मन न्हाई राखत, देवाशप्पथ…”

पण रामकिसन आत आला होता. तो आईजवळ बसला. सोनूबाईनं जोर करून दोन्ही हात जोडले. लेकापुढं जोडलेले ते हात बघून बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या.

“बाबा, माझं चुकलं,” ती म्हणाली. “तुझे इतके जीव घेतले मी. मोजताबी आलं न्हाई. त्येवढं ओझं घेऊन जाऊ नको देऊ मला.”

उषाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. एक वाक्य होतं. ‘माय, ते माझ्यानं झालं.’ त्या खोलीत नळी म्हणजे काय नि पोवळं म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं. कुणी हसलं नसतं, कुणी मोंढ्यात जाऊन सांगितलं नसतं. रामकिसनची नजर आधी तातेरावावर गेली, मग अप्पारावांवर, मग उषाबाईवर येऊन तिथं क्षणभर थांबली. उषाबाईला वाटलं, आता बोलतो.

“जाऊ दे माय,” रामकिसन म्हणाला. आवाज भरून आला होता, आणि वाईट हे की तो खराच भरून आला होता. “झालं गेलं गंगेला मिळालं. मी माफ केलं तुला.”

सोनूबाईचे हात खाली आले. चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या सैल पडल्या. अप्पारावांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि शेजारच्याला म्हणाले, “मन मोठं लागतं बरं का, एवढं नुकसान झाल्यावर.”

“पानी सोडा,” केशरबाई घाई करत म्हणाली. तिनं तुळशीचं पान पुढं केलं. “काशीचं हाये का?”

रामकिसननं उषाबाईच्या हातातली बाटली घेतली. “काशीचंच हाये,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि आईच्या तोंडात धार सोडली. सोनूबाईनं घोट गिळला. जीभ ओठांवरून फिरवली. चव शोधत असावी.

“पोवळ्यांचं पानी,” ती पुटपुटली. लोकांना वाटलं, म्हातारी भ्रमली. फिल्टरचं पाणी कसं लागतं ते तिनं त्या खोलीतल्या उषाबाईशिवाय कुणाला सांगितलं होतं? मग सोनूबाई गेली.

तेराव्याला भावकीनं रामकिसनचं नाव काढलं. लेक असावा तर असा, आईला पोटाशी धरून माफ केलं म्हणाले. पोटाशी धरल्याचं कुणी बघितलं होतं कोण जाणे. रामकिसनलाही ते हळूहळू आठवायला लागलं. तेराव्यानंतर त्याला स्वतःच्या मरणाची मात्र काळजी लागली. दुकानातलं एक गिऱ्हाईक काशीला निघालं होतं, त्याला सांगून त्यानं एक गडू मागवला. झाळलेला, चकचकीत. देवघरात आईचा रिकामा गडू होता तिथं, त्याच्या शेजारी ठेवला.

“हे माझ्या येळंसाठी,” तो उषाबाईला म्हणाला. “ध्यानात ठेव. मायसारखं ऐनवेळी काही नको.”

“बराबर,” उषाबाई म्हणाली.

मार्चमध्ये मुंबईचा साहेब आला, खास टाकी बघायला. मोंढ्यातले चार व्यापारीही बोलावले होते. साहेबानं काचेला नाक लावून बघितलं आणि माझ्याकडंसुद्धा इतकी सुंदर वाढत नाहीत म्हणाला. रामकिसनला आभाळ ठेंगणं झालं. चहा आला आणि चहाबरोबर किस्साही निघाला. “पहिली पोवळी आमच्या मायनं घालवली साहेब, बिचारी अडाणी. गंगेचं पानी घातलं टाकीत, तांब्याच्या गडूतलं! एका दिवसात सगळी खलास. मरताना हात जोडले तिनं माझ्यापुढं. मी म्हनलं, जाऊ दे माय, माफ केलं.”

व्यापारी हळहळले. साहेबानंही च् च् केलं. कपबश्या उचलायला आलेली उषाबाई ट्रे तसाच ठेवून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात सांडशी होती आणि दुसऱ्या हातात नवा गडू.

“ए, काय करून राह्यली?” रामकिसन म्हणाला.

उषाबाईनं स्टूल ओढलं. सासूचंच स्टूल ते. त्यावर चढून तिनं सांडशीनं गडूचं तोंड उचकटलं आणि सगळ्यांच्या देखत, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत तो टाकीत ओतला. मग उलटा करून झटकला.

“साहेब,” ती खाली उतरून म्हणाली. बारा वर्षांत परक्या माणसापुढं ती पहिल्यांदा बोलत होती. “हेबी गंगेचंच पानी हाये. तांब्याच्याच गडूतलं. आता उद्या बघा, किती मरत्यात ते. हे फोन करून सांगतील तुमाला.”

साहेबानं टाकीकडं बघितलं, मग रामकिसनकडं. “एवढ्याशा पाण्यानं काही होत नाही हो,” तो जरा अवघडून म्हणाला. “तुमची पहिली दुसऱ्याच कशानं तरी गेली असणार.” मग त्याला गाडीची आठवण झाली. व्यापारीही उठले. जाताना त्यातल्या एकानं दुसऱ्याला कोपर मारलेलं रामकिसननं पाहिलं.

त्यानं उषाबाईला मारलं नाही. हात उचलला होता, पण तिनं नजर खाली घेतली नाही. “मार की,” ती म्हणाली. “पन तुझ्या तोंडात पानी सोडायला मीच हाये मागं. कोनतं सोडायचं ते मी ठरवीन.” अहो-जाहो तिनं त्या दिवसापासून सोडलं, ते कायमचंच.

तेव्हापासून रामकिसन रोज उठल्या उठल्या टाकीपुढं जाऊन बसतो. बघणाऱ्याला वाटतं, केवढी माया. उषाबाईला ठाऊक आहे तो काय शोधतो ते. एखाद्या फांदीच्या बुडाला पांढरं दिसतंय का, कुठं कातडी सुटलीय का, निदान एखादं तरी मेलंय का. दुकानात कुणी काही विचारत नाही, सगळे नुसते बघतात. एक पोवळं मेलं असतं तरी त्याला पुरलं असतं.

पोवळी मात्र वाढून राह्यलीत. उषाबाई रोज निवळी घालते.